मासिक पुस्तक आणि त्याचा वाचक

वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यात कामरगाव नावाचे गाव आहे. वऱ्हाडच्या काळ्या जमिनीवरील इतर मोठ्या गावांसारखेच ते आहे. कापूस आणि तूर ही त्याची जुनी पिके, सोयाबीन हे अलीकडचे. जगातील वार्ता ज्या वेगाने मुंबईस कळते त्याच वेगाने ती आता ह्या गावी कळते. २०१६ साली मोबाईलवरील इंटरनेट एकाएकी स्वस्त झाले, आणि तेव्हापासून बातमीपुरते तरी शहर व खेडे यांतील अंतर बहुतेक नाहीसे झाले आहे. तेव्हा अशा गावातील एखाद्या सुशिक्षित कुटुंबाने महिन्याकाठी छापील मासिकाची वर्गणी भरावी काय, असा प्रश्न कोणी विचारला तर तो अप्रयोजक म्हणता येणार नाही. टपालाने येणारा अंक आठ दिवस उशिरा येतो, कधी येतच नाही. त्यातील मजकूर पंधरवड्यापूर्वी लिहिलेला असतो, आणि तेवढ्याच पैशात मोबाईलवर हजार मासिके वाचावयास मिळतात. ह्या प्रश्नाला ‘छापील कागदाचा वास काही निराळाच’ अशा धर्तीचे उत्तर देणारे पुष्कळ आहेत. त्या वासाचे आम्हांस वावडे नाही, परंतु नुसत्या वासावर कोणी वर्षाची वर्गणी भरील असे आम्हांस वाटत नाही. उत्तर शोधावयाचे तर मासिक पुस्तकाने मराठी वाचकासाठी आजवर काय केले, हे प्रथम पाहिले पाहिजे.

मराठीत पहिले मासिक निघाले ते १८४० साली. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये ‘दर्पण’ काढून वृत्तपत्राचा पाया घातला होता, आणि ‘दिग्दर्शन’ हे त्यांचेच मासिक. पुढे १८५० मध्ये ‘मराठी ज्ञानप्रसारक’ निघाले. ह्या आरंभीच्या मासिकांचा वाचक बहुशः मुंबई-पुण्याचा, शाळेचे किंवा कॉलेजचे तोंड पाहिलेला. वऱ्हाडच्या दृष्टीने पाहता खरा महत्त्वाचा सन १८६७ हा होय. त्या वर्षी तीन गोष्टी घडल्या, आणि त्यांचा एकमेकींशी संबंध कोणी मुद्दाम जोडलेला नव्हता. जी. आय. पी. रेल्वेचा फाटा भुसावळहून वऱ्हाडातून निघून नागपुरास पोहोचला. छापखाने व छापील पुस्तके यांच्या नोंदणीचा कायदा झाला. आणि मुंबईस ‘विविधज्ञानविस्तार’ हे मासिक निघाले.

टपालाची सोय त्यापूर्वीच झाली होती. १८५४ मध्ये अर्ध्या आण्याचे तिकीट निघाले, आणि पत्र किती लांब जावयाचे ह्यावर हशील ठरण्याची जुनी पद्धत मोडली. पुढे १८७७ मध्ये व्ही. पी. ची पद्धत आली, म्हणजे अंक हाती पडेल तेव्हा पोस्टमनजवळ पैसे द्यावयाचे. मासिकांच्या संपादकांस ही पद्धत वरदान वाटली आणि तिनेच त्यांस छळलेही. ‘व्ही. पी. परत करून आमचे नुकसान करू नये’ अशा आशयाची विनंती जुन्या मासिकांच्या वेष्टनावर दिसते, ती वाचली म्हणजे वर्गणीदार हा प्राणी कोणत्याही युगात सारखाच असतो असे वाटू लागते. असो. रेल्वेने बडनेरा किंवा मूर्तिजापूर, तेथून बैलगाडीने अथवा टपालवाल्याच्या पायांनी पुढे, असा छापील कागदाचा प्रवास वऱ्हाडात चालू झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूरहून कारंज्यावरून यवतमाळकडे अरुंद रुळांची गाडी निघाली. तिला पुढे लोक लाडाने ‘शकुंतला’ म्हणू लागले. ती गाडी आता बंद आहे.

ह्या वाटेने जे आले ते ज्ञानाचे गाठोडे होते एवढेच म्हणून भागत नाही. आमच्या मते मासिकाचा मोठा गुण त्याच्या मजकुरापेक्षा त्याच्या मुदतीत आहे. ते महिन्यातून एकदा येते आणि संपते. ‘संपते’ ह्या शब्दावर आम्ही मुद्दाम भर देतो. वाचकाला एकदा संपविता येईल एवढाच मजकूर संपादकाने निवडलेला असतो. पुढचा अंक येईपर्यंत महिना मोकळा असतो, आणि त्या मोकळ्या महिन्यात मागील मजकुराचा विचार होतो, घरात त्यावर वाद होतो, क्वचित संपादकास पत्र जाते. मराठी वाङ्मयाचे किती प्रकार ह्या मुदतीच्या पोटी जन्मास आले हे पाहिले म्हणजे हा गुण किती फलदायी होता ते कळून येईल. रामचंद्र भिकाजी गुंजीकर हे ‘विविधज्ञानविस्तारा’चे पहिले संपादक. त्यांची ‘मोचनगड’ ही मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी समजली जाते, आणि ती त्यांच्या मासिकातूनच क्रमशः निघाली. कथेला एक महिना खीळ घालावयाची, वाचकाला अर्ध्या वाटेवर उभे करावयाचे, आणि तरी त्याने पुढील अंकाची वाट पाहिली पाहिजे, ही कसरत मराठी कादंबरीकार मासिकांत व साप्ताहिकांत शिकला. हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही कादंबरीही प्रथम ‘करमणूक’ ह्या साप्ताहिकातून वाचकांच्या हाती आली.

निबंधाचेही तेच. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४ पासून १८८१ पर्यंत चालली. तिचे चौऱ्याऐंशी अंक निघाले आणि ते जवळजवळ एकट्याने लिहिले. शास्त्रीबुवांची सर्व मते आज कोणास पटतील असे नाही. आम्हांसही पुष्कळ पटत नाहीत. परंतु एक माणूस दरमहा वाचकासमोर उभा राहून एक विषय शेवटास नेतो, आणि तो विषय मनात मुरेपर्यंत वाचकाला उसंत देतो, हा संबंध एकट्या पुस्तकाने साधला नसता व रोजच्या बातमीपत्राने तर नाहीच नाही.

विनोदी लेखाची कथा तर थेट आमच्या वऱ्हाडातील आहे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर अकोला, खामगाव, जळगाव-जामोद ह्या गावी वकिली करीत. तालुक्याच्या गावचा वकील, समोर कज्जेदलाली, साक्षीपुरावे आणि रोजची तारीख. १९०२ साली त्यांचा ‘साक्षीदार’ हा लेख ‘विविधज्ञानविस्तारा’त आला, आणि मराठीत विनोदी लेखनाची जी परंपरा आपण आज सहज मानतो तिचा उगम तेथे झाला. हेच लेख पुढे ‘सुदाम्याचे पोहे’ ह्या नावाने पुस्तकरूप झाले. आम्हांस येथे विशेष वाटते ते असे की, मुंबईच्या मासिकाला आपला सर्वांत धीट लेखक मुंबईत सापडला नाही. तो वऱ्हाडात बसला होता, आणि त्या दोघांना जोडणारा दुवा होता टपालाची थैली. कोल्हटकर मासिकाचे लेखक होण्यापूर्वी मासिकाचे वाचक होते. वाचकाचा लेखक होण्याची ही वाट मासिकानेच खुली केली, कारण मासिकात वाचकाला उत्तर देण्यास जागा असते आणि ते उत्तर छापावयाचे की नाही हे ठरविणारा एक संपादक असतो. ‘साभार परत’ ह्या दोन शब्दांनी मराठी लेखकांचे जितके भले केले आहे तितके कित्येक पारितोषिकांनीही केले नसेल.

केशवसुतांची गोष्ट ह्याहून बोधक आहे. १९०५ मध्ये हुबळीस ते वारले तेव्हा त्यांच्या नावाचा एकही संग्रह प्रसिद्ध झालेला नव्हता. आधुनिक मराठी कवितेचा हा प्रवर्तक आपल्या हयातीत केवळ नियतकालिकांच्या पानांवर जगला. जळगावाहून नारायण नरसिंह फडणीस १८८७ पासून ‘काव्यरत्नावली’ हे केवळ कवितेस वाहिलेले मासिक काढीत, आणि ‘करमणूक’कार आपटे होते. अशा थोड्या संपादकांनी ती कविता छापली नसती, आणि कोणा वाचकांनी ते अंक जपून ठेवले नसते, तर मृत्यूनंतर दशकभराने जो संग्रह निघाला तो कशावरून निघता? एक भाषा आपला एक कवी गमावून बसली असती आणि तिला त्याचा पत्ताही लागला नसता.

येथे आपण मासिकाच्या दुसऱ्या गुणाकडे येतो. छापून गेलेला अंक बदलता येत नाही. त्यावर महिना असतो, वर्ष असते, छापखान्याचे नाव असते, संपादकाचे नाव असते. त्यातील चूक चूकच राहते आणि पुढील अंकात तिची दुरुस्ती छापावी लागते. म्हणजे चूक व दुरुस्ती दोन्ही पुढील पिढीच्या हाती पडतात. इतिहासाच्या अभ्यासकाला ह्याची किंमत वेगळी सांगावयास नको. काशीनाथ नारायण साने व जनार्दन बाळाजी मोडक यांनी १८७८ मध्ये ‘काव्येतिहाससंग्रह’ हे मासिक सुरू केले, आणि जुने काव्य, बखरी व पत्रे हप्त्याहप्त्याने छापण्यास आरंभ केला. सभासदाची बखर, भाऊसाहेबांची बखर ह्यांसारखी साधने त्यातून अभ्यासकांच्या हाती आली. कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या देवघरात रुमालात बांधलेली पोथी एका घरात होती तोवर एका वाळवीच्या स्वाधीन होती. मासिकात छापली गेली तेव्हा ती शेकडो घरांत गेली. त्या शेकडो प्रतींपैकी बहुतेक रद्दीत गेल्या असतील, पण काही राहिल्याच.

हे म्हणताना आम्हांस कारंज्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. कारंजा येथील जैन मंदिरांच्या भांडारांत शेकडो वर्षे हस्तलिखिते जपून ठेवलेली होती. रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांत-वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची १९२६ मध्ये प्रसिद्ध केली, आणि ह्या भांडारांतील अपभ्रंश ग्रंथांकडे विद्वानांचे लक्ष वेधले. पाठोपाठ कारंजा जैन ग्रंथमाला निघाली. तीत परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ १९३१ मध्ये आणि प्राध्यापक हिरालाल जैन यांनी त्याच कवीचे ‘णायकुमारचरिउ’ १९३३ मध्ये संपादिले. दहाव्या शतकातील कवी, आणि त्याचा आवाज विसाव्या शतकात ऐकू आला तो कामरगावच्याच तालुक्यातील एका कपाटातून! मराठी भाषेच्या पूर्वरूपाचा विचार करणारास अपभ्रंश टाळून पुढे जाता येत नाही, एवढे लक्षात घेतले म्हणजे त्या कपाटाची योग्यता कळेल. ह्या पोथ्या टिकल्या त्या त्यांच्या कागदाच्या गुणाने टिकल्या असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पिढ्यानुपिढ्या कोणीतरी त्या उन्हात घातल्या, वेष्टने बदलली, कुलूप सांभाळले, म्हणून त्या टिकल्या. परंतु सांभाळावयास हातात वस्तू होती, हे विसरून चालणार नाही. मोबाईलवरील लेखाचे मालक आपण नसतो. ज्याच्या यंत्रावर तो ठेवलेला आहे त्याने दुकान बंद केले की लेखही जातो, आणि दुकान चालू असले तरी काल वाचलेले वाक्य आज तेथे असेलच अशी खात्री कोणी द्यावयाची?

जुन्या मासिकांचे गोडवे गाताना एक गोष्ट झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्या कुटुंबांत ती जात ती कुटुंबे मूठभर होती. वऱ्हाडात तेव्हा शंभरांत फार थोड्यांस अक्षरओळख होती, त्यांतही स्त्रिया नाममात्र, आणि गावकुसाबाहेरच्या माणसाला तर वाचनालयाची पायरीही बंद. मासिकांची भाषा, विषय, थट्टा, सारे त्या मूठभरांचे. परंतु ह्या दोषावर ज्यांनी उपाय शोधला त्यांनी नियतकालिकच हाती घेतले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. मुकुंदराव पाटलांनी १९१० पासून ‘दीनमित्र’ हे सत्यशोधकी पत्र नगर जिल्ह्यातील खेड्यातून चालविले आणि खेड्यातील माणसाला त्याच्याच बोलीत हाक मारली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ काढला. ज्यांस बोलू दिले जात नव्हते त्यांनी बोलण्यासाठी छापील, तारीखवार, जपून ठेवता येईल असा कागद निवडला. त्यांचे म्हणणे नंतर कोणास नाकारता आले नाही, ह्याचे एक कारण ते अंक शिल्लक आहेत हेही आहे.

आता मोबाईलचा कैवार घेणाऱ्यांचे म्हणणे. ते आम्ही सर्वस्वी खोटे मानीत नाही. जी जुनी मासिके पाहण्यास पूर्वी मुंबई-पुण्याच्या ग्रंथसंग्रहालयांत खेपा घालाव्या लागत, त्यांपैकी पुष्कळांच्या प्रतिमा आज घरबसल्या पाहता येतात. ज्यांची दृष्टी गेली आहे त्यांस यंत्र लेख वाचून दाखविते. ह्या सोयी लहान नव्हेत. पण जुन्या अंकाची प्रतिमा मोबाईलवर दिसते ती कोणीतरी छापील अंक शंभर वर्षे सांभाळला म्हणूनच, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे.

वाचून समजण्याच्या बाबतीत काही शोधही झालेले आहेत. नॉर्वेत २०१३ मध्ये दहावीच्या ७२ मुलांस तेच उतारे काहींना कागदावर व काहींना पडद्यावर वाचावयास दिले, तेव्हा कागदावर वाचणाऱ्यांस ते अधिक समजल्याचे दिसले. २०१८ मध्ये स्पेन व इस्रायल येथील संशोधकांनी अशा ५४ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. त्यात माहितीपर मजकूर कागदावर चांगला समजतो आणि वेळ बांधलेला असला म्हणजे हा फरक वाढतो, असे आढळले. निव्वळ कथा वाचताना मात्र तसा फरक दिसला नाही. म्हणून कथा-कादंबरीचा वाचक मोबाईलकडे वळला तर त्यास आम्ही दोष देणार नाही. विचाराचा, परीक्षणाचा, इतिहासाचा लेख मात्र बोटाने वर सरकवीत वाचला जातो तेव्हा वाचकाला आपण वाचल्याचा भास होतो, आणि हा भास न वाचण्यापेक्षा वाईट.

दुसरेही एक आहे. मोबाईल आपल्याला आपल्याच आवडीचे पुन्हा पुन्हा वाढतो. कापसाच्या भावाविषयी एकदा विचारले की महिनाभर कापूसच समोर येतो. मासिक असे करीत नाही, कारण त्याला आपली आवड ठाऊकच नसते. भाषाशास्त्रावरील लेखाकरिता अंक उघडणारा गृहस्थ वाटेत एखाद्या चित्रकारावरील लेखात अडकतो, आणि त्याची मुलगी दोन्ही सोडून पुस्तक-परीक्षणे वाचते. एकाच अंकावर घरातील चार माणसे चार बाजूंनी येतात, आणि जेवताना चौघांना बोलावयास एक विषय मिळतो. चार मोबाईलांवर चार निरनिराळी जगे असली म्हणजे ताटावर शांतता असते. ही शांतता कोणाला आवडत असेल तर आमचा इलाज नाही.

शेतकऱ्याच्या घरी हा प्रश्न वाङ्मयापुरता राहत नाही. राज्याच्या कृषी खात्याचे ‘शेतकरी’ मासिक १९६५ साली सुरू झाले. त्यातील फवारणीच्या लेखाखाली लिहिणाऱ्याचे नाव व हुद्दा असतो, अंकावर महिना असतो, आणि औषधाचे प्रमाण चुकीचे छापले गेले तर अंक दाखवून जाब विचारता येतो. उलट, एका मोबाईलवरून दुसऱ्यावर ढकलला जाणारा सल्ला कोणी दिला, कोणत्या पिकासाठी दिला, कोणत्या साली दिला, ह्यांतील काहीच सांगता येत नाही. तीन वर्षांपूर्वीचा पावसाचा इशारा आजचा म्हणून फिरतो आणि माणसे त्यावर पेरणी थांबवितात. निनावी सल्ल्याची किंमत हंगाम गेल्यावर कळते.

तेव्हा वर्गणी भरावी काय? आमच्या मते भरावी, पण एकट्याने भरली पाहिजे असे नाही. ‘मनोरंजन’ १९३५ मध्ये थांबले, ‘विविधज्ञानविस्तार’ १९३७ मध्ये, ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये. ती वाईट झाली म्हणून थांबली नाहीत. वाचणारे होते, परंतु विकत घेणारे कमी पडत गेले. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे. सरकारी अनुदानावर चालणारी अ, ब, क, ड वर्गांची ग्रंथालये खेड्यापाड्यांत पसरलेली आहेत, आणि कोणत्या वर्गाने किती नियतकालिके घ्यावीत ह्याचे मानही ठरलेले असते. पण ती कोणती घ्यावीत हे ठरविण्यास सभासदाने तोंड उघडावे लागते. तोंड न उघडल्यास जे स्वस्त ते येते. बायकांत जशी भिशी चालते तशी चार घरांनी चार मासिकांची चालवावी, प्रत्येकाने एकाची वर्गणी भरावी आणि आठवड्याने अंक पुढे सारावा. वर्षाअखेर चारही घरांचे अंक एकत्र बांधून गावच्या ग्रंथालयास द्यावेत. बांधणाऱ्यास एवढे मात्र बजावावे की मुखपृष्ठे व जाहिराती फाडून टाकू नकोस. जुन्या बांधीव खंडांत नेमक्या ह्याच गोष्टी नसतात, आणि त्या काळी साबण कोणता होता, वर्गणी किती होती, संपादक कशासाठी रडत होता, हे शोधणाऱ्यास हात चोळीत बसावे लागते.

ह्या योजनेस दिवाळीचा मुहूर्त चांगला. ‘मनोरंजना’चे संपादक काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला, आणि तेव्हापासून मराठी भाषेत हा एक स्वतंत्र सण होऊन बसला आहे. आजही दरवर्षी शेकडो दिवाळी अंक निघतात, आणि थोड्या वर्गणीत ते सर्व फिरवून वाचावयास देण्याची पद्धत अनेक ग्रंथालयांत आहे. वऱ्हाडात त्याच सुमारास शेतात सीतादही होऊन कापसाची वेचणी सुरू होते, घरात चार पैसे येतात, रात्री लांबतात. होळीपर्यंत पंधरा-वीस अंक एका घरातून जाऊन येतात.